कागदी तुती अंगणात लावायची असेल तर

कागदी तुती लावायला काहीच कौशल्य लागत नाही. करंगळीएवढं मूळ ओल्या मातीत पडलं तरी ते फुटतं. कस लागतो तो तिला दिलेल्या जागेत ठेवताना. म्हणून या लेखात खड्डा, खत आणि पाण्याबद्दल थोडं आहे आणि कुंपण, छाटणी आणि फुटव्यांबद्दल पुष्कळ आहे.

गेली चौदा वर्षं मी देहरादूनला राहते. दून खोऱ्यात हे झाड नाल्याकाठी, रिकाम्या प्लॉटवर, जुन्या बंगल्यांच्या भिंतीला लागून आपोआप उगवलेलं दिसतं. पुण्याहून नवीन आले तेव्हा एका कुंपणापाशी मी थबकले होते. एकाच फांदीवर एक पान पिंपळासारखं अखंड, शेजारचं एकाच बाजूने खाच पडलेलं, तिसरं अंजिराच्या पानासारखं पाच भागांत कापलेलं. दोन-तीन झाडं एकमेकांत गुंतली असावीत असं वाटलं, पण खोड एकच होतं. पान वरून खरखरीत, उलटं केलं की मखमल. देठ तोडला की पांढरा चीक. वड, उंबर, फणस, तुती यांच्याच कुळातलं हे झाड, त्यामुळे चीक असणारच.

मूळचं ते चीन, तैवान आणि आग्नेय आशियाकडचं. जपानी वाशी कागदाचा 'कोझो' आणि कोरियन हान्जी कागदाचा 'डाक' ही याच गोतातली झाडं. थायलंडमध्ये चिआंग माईजवळच्या बो सांगच्या कागदी छत्र्या प्रसिद्ध आहेत, त्यांचा 'सा' कागदही याच्याच सालीचा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला तुतीच्याच वंशात घातलं होतं. पुढे तिचा वेगळा वंश झाला आणि त्याला ब्रूसोने या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाचं नाव मिळालं, म्हणून आज शास्त्रीय नाव ब्रूसोनेशिया पॅपिरिफेरा. पॅरिसमध्ये या झाडाचं एकच लिंग होतं. ब्रूसोनेने स्कॉटलंडमधल्या एका बागेतून दुसऱ्या लिंगाचं झाड आणलं, तेव्हा कुठे तिथे फळं धरली.

आधी नर-मादीचा विचार करा

पपईसारखीच कागदी तुतीतही नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी. नराला मार्चच्या सुमारास बोटभर लांबीचे लोंबते तुरे येतात. त्यातले पुंकेसर कळीत दुमडलेले असतात. कळी उमलली की ते स्प्रिंगसारखे सुटतात आणि परागांचा धूर उडतो. उन्हाच्या सकाळी हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मादीला गोल, केसाळ गोंडे येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची नारिंगी-लाल, रसाळ, बोराएवढी फळं होतात. पक्षी ती खातात आणि बी लांबवर टाकतात.

म्हणजे नराचा उपद्रव परागांचा आणि मादीचा बियांचा. इस्लामाबादला दोन्ही भोगावे लागले. १९६० च्या दशकात ते शहर वसवताना झटपट हिरवाई हवी म्हणून ही झाडं मोठ्या प्रमाणावर लावली. आज दर वर्षी मार्चमध्ये तिथल्या हवेत या परागांचं प्रमाण इतकं वाढतं की दमेकऱ्यांना शहर सोडून जावं लागतं. झाडं तोडण्याच्या मोहिमा पुन्हा पुन्हा निघतात आणि तोडलेल्या बुंध्यांतून झाडं पुन्हा उठतात. घानामध्ये कागदाच्या लगद्यासाठी १९६९ मध्ये आणलेलं हेच झाड आता तिथल्या राखीव जंगलांत घुसलं आहे.

याच्या उलट गोष्ट प्रशांत महासागरातल्या बेटांची. तिथे हे झाड माणसांनी होड्यांतून नेलं आणि त्याची वाट तैवानपर्यंत मागे जाते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. टोंगा, फिजी, सामोआमध्ये त्याच्या सालीपासून तापा हे कापड करतात. तिथली लागवड बियांवर चालत नाही, फुटव्यांवर चालते. त्यामुळे बहुतेक बेटांवरची जुनी झाडं सगळी मादीच आहेत. शिवाय कापडासाठी काठीएवढी जाड झालेली खोडं दीडेक वर्षातच, फुलं यायच्या आत कापली जातात. पराग नाही आणि बीही नाही. पिढ्यान्‌पिढ्या लावूनही झाड माणसाच्या हाताखाली राहिलं.

मी माझ्या झाडाला जे करते ते या बेटांवरच्या पद्धतीवरूनच घेतलं आहे. एकच झाड, ओळखीच्या मादीचं, आणि दर वर्षी फुलण्याआधी छाटलेलं. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाचं लिंग फुलं येईपर्यंत विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून रोप विकत घेण्यापेक्षा फळं धरलेलं झाड जूनमध्ये डोळ्यांनी बघा, खूण करून ठेवा आणि हिवाळ्यात त्याच्या मुळाचा तुकडा आणा.

कुठे लावूच नये

जंगलाला, ओढ्याला किंवा डोंगरउताराला लागून घर असेल तर जमिनीत लावू नका. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तर मी कुणालाही ही जमिनीत लावायला सांगणार नाही. भरपूर पाऊस, मोकळी झालेली जमीन आणि फळं खाणारे पक्षी, तिला पसरायला जे जे लागतं ते सगळं तिथे आहे. देवराईच्या आसपास तर नाहीच. घरात कुणाला दमा असेल तरी नको. ओळखीच्या मादीचं झाड असलं तरी पुढे बियांचं एखादं नर रोप कुंपणात कधी वाढलं ते कळत नाही. कुंडीत लावायचं असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे लिहिते.

मुळाच्या तुकड्यापासून रोप

डिसेंबर-जानेवारीत पानं गळून झाड झोपलेलं असतं. तेव्हा खोडापासून चार-पाच फुटांवर माती उकरा. वरच्या अर्ध्या फुटातच पिवळट-तपकिरी मुळं आडवी गेलेली सापडतात. पेन्सिलीइतकं जाड मूळ निवडून त्याचे चार ते सहा इंचांचे तुकडे करा. खोडाकडच्या टोकाला सरळ काप द्या आणि दूरच्या टोकाला तिरका, म्हणजे लावताना वरची-खालची बाजू चुकत नाही.

अर्धी वाळू आणि अर्धं कुजलेलं शेणखत-माती घेऊन पिशव्या भरा. तुकडा उभा खोचा, सरळ कापाचं टोक मातीच्या पातळीखाली अर्धा इंच राहू द्या. माती ओलसर असावी, चिखल नको. थंडी ओसरली की कोंब वर येतात. एका तुकड्याला तीन-चार कोंब आले तर जोमदार एक ठेवून बाकीचे काढा.

पेन्सिलीइतक्या जाड, पक्व फांद्यांची छाट कलमंही लागतात. पण मुळाचे तुकडे जास्त खात्रीने येतात, असा माझा अनुभव आहे. बियांपासून मुद्दाम रोपं करू नका. नर येईल की मादी, काही सांगता येत नाही.

उकरलेल्या जागी उरलेले मुळाचे तुकडे वेचून घरी आणा. तिथेच टाकलेत तर दुसऱ्याच्या अंगणात तुम्हीच झाडं पेरल्यासारखं होईल.

जागा आणि सिमेंटच्या रिंगा

ऊन हवं, निदान अर्धा दिवस. सावलीत झाड लांबोडकं वाढतं आणि पानं विरळ होतात. जमिनीबद्दल तिचे नखरे नाहीत. मुरमाड, चुनखडीची, दगडगोट्यांची, सगळी चालते. मात्र पाणी साचणारी जागा टाळा, मुळं कुजतात. घराची भिंत, सेप्टिक टाकी आणि सांडपाण्याचा पाइप यांपासून किमान वीस फूट दूर. मुळं उथळ आणि लाकूड हलकं असल्यामुळे मोठं होऊ दिलेलं झाड वादळात उन्मळून पडतं किंवा फांद्या टाकतं. विजेच्या तारांखाली तर नकोच.

आता सर्वांत महत्त्वाचं काम. शोषखड्ड्याला वापरतात तशा सिमेंटच्या रिंगा आणा, चार फूट व्यासाच्या आणि फूटभर उंचीच्या दोन. खड्डा करून एकावर एक बसवा आणि मधली सांध सिमेंटने पक्की बुजवा. ही सांध मी पहिल्यांदा तशीच सोडली होती. तिसऱ्या वर्षी बरोबर त्या फटीतून मूळ बाहेर आलं आणि आठ फुटांवर, कढीपत्त्याच्या आळ्यात, फुटवा निघाला. वरच्या रिंगेची कड जमिनीच्या तीन-चार इंच वर राहू द्या, नाहीतर मुळं वरून उडी मारतात. तळ उघडाच ठेवायचा, पाण्याचा निचरा तिथूनच होतो. खालून एखादं मूळ बाहेर जातं, पण खोल गेलेलं मूळ सहसा फुटवा देत नाही. रिंगा मिळाल्या नाहीत तर जाड, कडक प्लास्टिकचा दोन फूट रुंद पत्रा गोल उभा पुरता येतो. त्याची टोकं एकमेकांवर फूटभर चढवून पट्टीने आवळावी लागतात.

लावणी आणि पहिली दोन वर्षं

मैदानी भागात पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा, थंड प्रदेशात फेब्रुवारी-मार्चमध्ये. रिंगेत तिथलीच माती आणि घमेलंभर शेणखत, एवढं पुरे. जास्त खत घातलं तर फांद्या भराभर वाढतात आणि लवकर मोडतात. रोप पिशवीत होतं तेवढंच खोल लावा, काठीचा आधार द्या, आळं करा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा. त्यानंतर पानं मलूल दिसली तरच.

पहिल्या हिवाळ्यात काहीच कापू नका. शेळ्या-गाईंपासून मात्र जपा, पाला त्यांना फार आवडतो.

छाटणी

मोकळी सोडली तर कागदी तुती तीस-चाळीस फूट उंच जाते, आणि उंच झाडाची पानं वयाबरोबर साधी होत जातात, अखंड आणि सारखी. ती खाचाखाचांची नक्षीदार पानं येतात जोमाने फुटलेल्या कोवळ्या फांद्यांवर. दर वर्षी छाटलं तर तसल्या फांद्या दर वर्षी मिळतात. शिवाय एका वर्षाच्या फांद्यांना फुलं क्वचितच येतात, त्यामुळे पराग आणि बी दोन्हींचा प्रश्न उरत नाही. वाऱ्यात मोडायला वर जडभार डोलाराही राहत नाही. आणि कापलेल्या फांद्यांच्या सालीचा कागद होतो.

माझी पद्धत अशी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या हिवाळ्यात, खोड मनगटाएवढं झालं की जानेवारीअखेर ते पाच फुटांवर सरळ कापायचं. मार्चमध्ये कापाच्या खाली कोंबांची झुंबड उडते. चारही दिशांना वाटलेले सहा ते आठ ठेवा, बाकीचे कोवळे असतानाच बोटाने खुडा. पावसाळा संपेपर्यंत यांच्या सहा-आठ फुटी छड्या होतात आणि झाडाला छत्रीसारखा आकार येतो. पुढच्या जानेवारीत प्रत्येक छडी बुडाशी इंचभर ठेवून कापायची. दर वर्षी तिथेच. काही वर्षांत त्या जागी गाठाळ मुठी तयार होतात. मुठीच्या खाली मात्र कधी कापू नका, जुन्या लाकडातली जखम भरत नाही आणि खोड पोकळ होत जातं. पानगळीनंतर या मुठी आभाळावर काय सुंदर दिसतात! अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या जुन्या वस्तीत पिळवटलेल्या, गाठाळ खोडांच्या कागदी तुती आहेत. झाडाचं म्हातारपण कसं असतं ते त्यांच्याकडे पाहून कळतं. त्याच राज्यात अमेरिकेचा माजी अध्यक्ष थॉमस जेफरसनने आपल्या पॉप्लर फॉरेस्टच्या घराशेजारी यांच्या दुहेरी रांगा लावल्या होत्या.

जागा कमी असेल तर झाडाऐवजी झुडूप करा. जानेवारीत जमिनीपासून सहा इंचांवर सगळं कापायचं, येतील त्यातल्या दहा-बारा छड्या ठेवायच्या. पानं इथे सर्वांत मोठी येतात, कधी कधी जेवणाच्या ताटाएवढी. कागदासाठीही हीच पद्धत बरी, छड्या सरळ आणि बिनफाट्याच्या मिळतात.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. कोवळ्या फांद्यांवरच्या केसांनी अंगाला खाज येते आणि चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत. भर पावसाळ्यात जड छाटणी करू नका, खवळल्यासारखे फुटवे येतात.

फुटव्यांची फेरी

रिंग असली तरी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाडाभोवती पंचवीस फुटांपर्यंत एक फेरी मारा. फुटवा वीतभर असतानाच माती बाजूला करून, तो मुळाला जिथे जोडलेला आहे तिथून ओरबाडून काढा. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, जमिनीलगत कापू नका, एकाचे चार होतात. ओरबाडताना डोळ्यांसकट सालीचा तुकडा निघतो, त्यामुळे तिथून पुन्हा फुटायला काही उरत नाही.

काढलेले फुटवे, मुळं, ओल्या छड्या नाल्यात किंवा टेकडीवर टाकू नका. गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळू द्या, मगच जाळा किंवा कंपोस्टमध्ये घाला. ओल्या छड्या वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवल्या तर छड्याच मुळं धरतात.

महिनाभरासाठी गावाला जायचं असेल तर ही फेरी कोण मारणार, ते ठरवून जा. हे काम दहा-पंधरा वर्षं करायची तयारी नसेल तर जमिनीत झाड लावू नका. हे मी अगदी मनापासून सांगते.

कुंडीतली कागदी तुती

पुणे-मुंबईच्या गच्चीवर, बाल्कनीत ही झुडूप म्हणून चांगली राहते. अठरा ते चोवीस इंची कुंडी घ्या, शक्यतो जड, कारण मोठी पानं वारा धरतात. कुंडी थेट मातीवर किंवा फरशीच्या फटींवर ठेवू नका, तळाच्या भोकातून मूळ खाली उतरतं. खाली ताटली किंवा विटा ठेवा आणि महिन्यातून एकदा कुंडी हलवून पाहा.

कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. दर दोन वर्षांनी जानेवारीत कुंडी पालथी करून मुळांचा बाहेरचा दोन इंचांचा थर कापा, नवीन माती भरा आणि त्याच दिवशी वरच्या छड्याही छाटा. झिरमिळ्यांसारखी बारीक कापलेली पानं असणारी 'लॅसिनिएटा' ही बुटकी जात कुठे मिळाली तर कुंडीसाठी तीच घ्या, ती फार सावकाश वाढते.

रोग-कीड म्हणाल तर फारसं काही नाही. केसाळ अळ्या आल्या तर पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. पानं पिवळी पडून गळायला लागली तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं.

झाड काढायचं ठरलं तर

नुसतं तोडून भागत नाही. बुंधा खणून काढा, आडव्या मुळांचा माग घेत जा, आणि पुढची दोन वर्षं जे जे फुटेल ते वीतभर असतानाच ओरबाडा. पानंच मिळाली नाहीत की मुळातला साठा संपतो. कुणाची शेळी असेल तर तिला त्या जागी रोज बांधा, तिच्याइतकं नेटाने हे काम माणसाकडून होत नाही.

छाटलेल्या फांद्यांचा कागद

दोन-अडीच किलो ओल्या छड्यांपासून साधारण शंभर ग्रॅम सुकी, स्वच्छ साल मिळते, आणि तिचे वहीच्या आकाराचे पंधरा-वीस पातळ कागद होतात.

छड्यांचे दीड फुटी तुकडे करा. मोठ्या पातेल्यात उभे ठेवून वर दुसरं पातेलं पालथं घाला आणि तास-दीड तास वाफवा. टोकाशी साल मागे सरून पांढरं लाकूड पेराएवढं दिसलं की झालं. गरम असतानाच साल सोला, केळ्यासारखी निघते. आतली काडी आता मेलेली असते, ती वेलांना आधार म्हणून निर्धास्त वापरा. सालीवरचा तपकिरी आणि त्याखालचा हिरवा थर बोथट सुरीने खरवडा. उरते ती पांढरी पट्टी, ती वाळवून ठेवता येते.

शंभर ग्रॅम सुकी पट्टी रात्रभर भिजवा. स्टीलच्या भांड्यात दोन लिटर पाण्यात पंधरा ते वीस ग्रॅम धुण्याचा सोडा घालून पट्टी दोन तास उकळा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो. पट्टी चिमटीत धरून ओढली की धागे सहज सुटायला हवेत. नाही सुटले तर आणखी अर्धा तास. मग वाहत्या पाण्यात, पाणी नितळ होईपर्यंत धुवा आणि काळे ठिपके हाताने वेचा.

यानंतर दगडावर ठेवून धोपाटण्याने अर्धा-पाऊण तास कुटायचं. मिक्सर वापरू नका. या सालीचे तंतू सरासरी आठ-दहा मिलिमीटर लांब असतात, लाकडाच्या लगद्याच्या कितीतरी पट, आणि कागदाची सगळी ताकद त्या लांबीत आहे. पातं ते तोडून टाकतं. चिमूटभर लगदा पेलाभर पाण्यात ढवळून पाहा, गुठळी न राहता धागे धुक्यासारखे पसरले की कुटणं पुरं झालं.

तंतू तळाशी बसू नयेत म्हणून जपानी कारागीर भेंडीच्याच गोतातल्या एका झाडाच्या मुळाचा चिकट रस घालतात. आपल्याकडे भेंडीच चालते. चार-पाच भेंड्या चिरून रात्रभर पाण्यात ठेवा आणि ते बुळबुळीत पाणी गाळून टबात घाला. लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, टबात बुडवून आडवी उचला, पाणी गळताना मागेपुढे आणि डावीउजवीकडे हलवा. ओला थर सुती कापडावर उलटा करा, वर दुसरं कापड, त्यावर पुढचा कागद. सगळ्यावर फळी ठेवून आठ-दहा विटांचं वजन रात्रभर द्या.

सकाळी एकेक कागद कापडासकट उचलून खिडकीच्या काचेवर कागदाची बाजू टेकवा, मऊ ब्रशने दाबा आणि कापड सोलून घ्या. देहरादूनच्या जानेवारीतल्या उन्हात दुपारपर्यंत कडा सुटायला लागतात. चारही कडा सुटेपर्यंत थांबा, मग एका कोपऱ्यातून सावकाश काढा. काचेकडची बाजू गुळगुळीत निघते, टाकाने लिहायचं असेल तर त्या बाजूवर लिहा.